जमिनीखालची तर्री

सदर : हे कसं कळतं?



बाबांच्या किंवा ताईच्या मागे गाडीवर बसून तुम्ही पेट्रोल पंपावर किती तरी वेळा गेला असाल. नळी टाकीत जाते, मीटरवरचे आकडे भराभर पळतात आणि आपण पुढे निघतो. पण हे पेट्रोल येतं कुठून? त्या उभ्या यंत्रात काही ते साठवलेलं नसतं बरं का! पुढच्या वेळी नीट बघा. पंपाच्या आवारात एका कडेला जमिनीत बसवलेली गोल झाकणं दिसतील. जवळपासच काही उंच, बारीक नळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतील. खरं पेट्रोल आणि डिझेल असतं ते त्या झाकणांखाली, पुरलेल्या मोठाल्या टाक्यांमध्ये. एकेका टाकीत बरेचदा २० हजार लिटर किंवा त्याहूनही जास्त इंधन मावतं. त्या उंच नळ्या टाकीतली वाफ आणि हवा आतबाहेर होण्यासाठी असतात.

टाक्या जमिनीखाली का ठेवतात? एक तर आगीपासून बचाव. दुसरं म्हणजे आपल्या विदर्भातल्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन ते उडून जाऊ नये म्हणून. पण या सोयीबरोबर एक अडचणही येते. जमिनीवरच्या ड्रमला भोक पडलं तर ते लगेच दिसतं. जमिनीखालच्या टाकीला किंवा तिच्या पाइपाला बारीकशी चीर गेली, तर ती कोणाला दिसणार?

मग ते कळतं कसं? हाच आपला आजचा प्रश्न!

थेंबे थेंबे…

आधी एक छोटंसं गणित करू. समजा, एका सांध्यातून सेकंदाला फक्त एक थेंब गळतोय. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरा. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर पेट्रोल गेलं. आणि वर्षाला? जवळजवळ १,५७७ लिटर!

तुम्ही म्हणाल, पंपावर रोज हिशोब ठेवतात की! अगदी बरोबर. रोज टाकीत खुणा केलेली पट्टी बुडवून किती इंधन उरलं ते पाहतात आणि विक्रीशी ताडून बघतात. आता बऱ्याच पंपांवर हे काम टाकीत बसवलेलं यंत्रही करतं. पण इथे एक गंमत आहे. पेट्रोल तापलं की फुगतं. एक अंश तापमान वाढलं की हजारात साधारण एक भाग. म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीत एका अंशाला २० लिटरचा फरक! त्या २० लिटरांच्या चढउतारात आपले चार लिटर सहज लपून जातात. म्हणून नुसत्या एका दिवसाच्या हिशोबावर विसंबून चालत नाही. महिनोन् महिने आकडे ताडून पाहावे लागतात. रोज थोडं थोडं, पण नेहमी कमीच येत असेल, तर शंका घ्यायची. मग टाकी आणि पाइप यांच्यावर दाब देऊन तो टिकतो का, हे तपासतात. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून पंक्चर शोधतात ना, तसंच काहीसं.

गळालेलं पेट्रोल जातं कुठे?

आता आपल्या वाशीम जिल्ह्याच्या जमिनीत जरा डोकावू या. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे याचे सहा तालुके. बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला.

तुमच्या शेतातली काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते, ते तुम्ही पाहिलंच असेल. कधी कधी हात जाईल एवढी भेग पडते. पावसाळ्यात हीच माती फुगते आणि भेगा मिटतात. अशी आकसणारी आणि फुगणारी माती पुरलेल्या पाइपांनाही थोडं ढकलते, थोडं ओढते. म्हणून टाकी बसवताना तिच्याभोवती वाळू वगैरे भरतात.

गळालेलं पेट्रोल आधी मातीत आणि मुरुमात मुरतं. त्यातलं काही तिथेच चिकटून बसतं, काहीची वाफ होते आणि उरलेलं खाली खाली झिरपत जातं. शेवटी ते भूजलापाशी पोहोचतं, म्हणजे जे पाणी आपण विहिरीतून आणि बोअरमधून काढतो त्याच्यापाशी. आणि मग काय होतं?

तर्री-पोहे कोणाकोणाला आवडतात? रश्श्यावर लालभडक तर्री कशी तरंगते! तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. पेट्रोल आणि डिझेलही पाण्यापेक्षा हलकं. तेही भूजलावर असंच तरंगतं. जमिनीखालची तर्रीच म्हणा ना! पण ही तर्री नुसती वर तरंगत राहिली असती, तर ती काढून टाकून आपण मोकळे झालो असतो. खरी अडचण तिच्या आत आहे. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. ते शेकडो पदार्थांचं मिश्रण आहे. त्यातले काही पदार्थ पाण्यात थोडेसे विरघळतात आणि पाण्याबरोबर वाहत दूर जातात. त्यांतला सगळ्यात वाईट म्हणजे बेंझिन. बेंझिनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

पिण्याच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त १० मायक्रोग्रॅम बेंझिन असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाण्याने भरलेत, तर त्या सगळ्यांत मिळून फक्त १० ग्रॅम!

आता वही-पेन घ्या. एप्रिल २०२० पासून आपल्या देशात जे पेट्रोल मिळतं, त्यात बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का असू शकतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर. वजनात साधारण ८.८ ग्रॅम. हे सगळं पाण्यात विरघळलं, तर किती पाणी त्या मर्यादेला पोहोचेल? ८ लाख ८० हजार लिटर! आता एक खोदविहीर घेऊ. सहा मीटर रुंद आणि त्यात पाच मीटर पाणी. तिच्यात सुमारे १ लाख ४१ हजार लिटर पाणी असतं. म्हणजे एका लिटरमध्ये अशा सहा विहिरी! अर्थात प्रत्यक्षात सगळं बेंझिन पाण्यात जात नाही. बरंच उडून जातं, काही मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. पण वर्षाला दीड हजार लिटरवालं आपलं पहिलं गणित आठवा, म्हणजे काळजी का करायची ते कळेल.

"पण वास येईलच की!" असं कोणी तरी म्हणेलच. बेंझिनचा वास पाण्यात आपल्या नाकाला जाणवतो, तेव्हा त्याचं प्रमाण त्या मर्यादेच्या शेकडो पटींनी वाढलेलं असू शकतं. वास आला तर काही तरी बिघडलंय हे नक्की. पण वास नाही म्हणून पाणी चांगलं, असं म्हणता येत नाही. म्हणूनच तपासणी लागते.

असं कुठे घडलंय का?

हो, घडलंय. आणि फार लांब नाही. २०२१ साली सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सासवड गावाच्या शिवारात चोरांनी जमिनीखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या वाहिनीला भोक पाडलं. पेट्रोल मातीत पसरलं, उभ्या पिकांचं नुकसान झालं आणि ते जवळच्या विहिरींच्या पाण्यातही उतरलं. गुन्हा चोरांचा, पण भोगलं शेतकऱ्यांनी. ती वाहिनी होती, पंप नव्हता. पण जमिनीला काय फरक पडतो? तिच्या दृष्टीने पेट्रोल ते पेट्रोलच.

अमेरिकेत तर हा प्रश्न फार मोठा झाला होता. तिथे लोखंडी टाक्या वर्षानुवर्षं पुरलेल्या होत्या आणि त्या गंजत गेल्या. १९८४ साली तिथे जमिनीखालच्या टाक्यांसाठी खास कायदा झाला. त्यानंतर शोध घेतला, तर आजवर पाच लाखांहून जास्त ठिकाणी गळती सापडली! १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला आपल्या निम्म्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एक रसायन त्या पाण्यात उतरलं होतं.

याचा अर्थ आपल्या गावातला पंप गळतोय, असा मुळीच नाही हं! बहुतेक पंपचालक मनापासून काळजी घेतात, कारण गळती म्हणजे त्यांचंही नुकसानच. पण डॉक्टर जसे आपण धडधाकट असतानाही तपासतात, तशी जमीनही तपासायला हवी, इतकंच.

तपासणारे काय करतात?

हे काम एखाद्या गुप्तहेरासारखं असतं. चला, त्यांच्या मागोमाग जाऊ.

पहिलं काम, चौकशी. टाकी कधी बसवली? कुठून कुठे पाइप गेलेत? पूर्वी इथे जुनी टाकी होती का? टँकर रिकामा करताना कधी सांडलं होतं का? आसपास विहिरी आणि बोअर किती आणि कुठे आहेत? हे सगळं नकाशावर मांडायचं.

दुसरं काम, माती. टाक्यांजवळ आणि पाइपांच्या सांध्यांजवळ मोठ्या गिरमिटाने खोल भोकं पाडतात. गिरमिट म्हणजे सुताराचं लाकडाला भोक पाडायचं हत्यार, ते तुम्हाला माहीत आहेच. हे त्याचंच थोरलं भावंड. मात्र टाकीला धक्का लागणार नाही, ठिणगी उडणार नाही, याची फार काळजी घ्यावी लागते. एक मीटरवरची माती वेगळी, दोन मीटरवरची वेगळी, अशी ती वर काढतात. थोडी माती पिशवीत घट्ट बंद करून काही वेळ ठेवतात आणि मग पिशवीतली हवा एका यंत्राला हुंगायला देतात. आपल्या नाकाला न कळणारी वाफही या यंत्राला कळते. जिथली माती संशयास्पद, तिचा नमुना बरणीत ठासून भरून प्रयोगशाळेत पाठवतात.

तिसरं काम, पाणी. यासाठी पंपाच्या आवारात बारीक विहिरी घेतात. आपल्या बोअरपेक्षाही अरुंद. त्यात एक प्लॅस्टिकचा पाइप सोडतात. या पाइपाच्या खालच्या भागाला बारीक चिरा असतात, म्हणजे पाणी आत येतं आणि माती बाहेर राहते. वरच्या भागाभोवती फुगणारी चिकणमाती ठासतात. का बरं? नाही तर वरचं सांडलेलं पेट्रोल पाइपाच्या कडेकडेने सरळ खाली जाईल आणि तपासायला पाडलेलं भोकच रोगाचं कारण होईल!

चौथं काम, पाणी कोणीकडे वाहतं ते शोधणं. हो, जमिनीखालचं पाणीही वाहतं. फार हळूहळू, पण वाहतं. त्यासाठी कमीत कमी तीन विहिरी लागतात. प्रत्येक विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि जमिनीच्या उंचीतून ते वजा करायचं. पाणी उंचाकडून सखलाकडे जातं. मग पंपाच्या वरच्या अंगाचा एक नमुना आणि खालच्या अंगाचे दोन-तीन नमुने घ्यायचे. वरच्या अंगाचं पाणी चांगलं आणि खालच्या अंगाचं वाईट असेल, तर दोष मधल्या जागेत. दोन्हीकडचं वाईट असेल, तर चोर दुसराच कोणी तरी असू शकतो!

आपल्या कातळाच्या भागात मात्र हे काम अवघड. वाळूत पाणी सगळीकडे सारखं पसरतं, फडक्यावर सांडल्यासारखं. बेसाल्टमध्ये ते भेगांतून आणि फटींतून वाट काढतं. त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर चांगली राहील आणि दूरच्या विहिरीत मात्र पेट्रोल उतरेल, असंही होऊ शकतं. म्हणून इथे नुसतं अंतर मोजून भागत नाही. भेगा कुठल्या दिशेने गेल्यात, हे जाणकारांना पाहावं लागतं.

पाचवं काम, नमुना घेणं. आणि इथेच खरी शिस्त लागते. आधी पाइपात साचून राहिलेलं शिळं पाणी उपसून टाकायचं. मग ताजं पाणी आलं की लांबट, बारीक पोहऱ्याने हळूच पाणी काढायचं आणि काचेच्या चिमुकल्या बाटलीत काठोकाठ भरायचं. झाकण लावून बाटली उलटी करायची आणि टिचकी मारायची. आत एवढासा जरी बुडबुडा दिसला, तर तो नमुना बाद! कारण बेंझिन पाण्यातून निसटून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं आणि तपासणीत कमी दिसतं. बाटल्या लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे. आणि आणखी एक मजेदार नियम. नमुने घ्यायला जाताना वाटेत आपल्या गाडीत पेट्रोल भरायचं नाही! हाताला लागलेला एखादा थेंबही सगळी तपासणी बिघडवू शकतो. शिवाय प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याची एक बंद बाटली बरोबर न्यायची आणि न उघडता परत आणायची. तिच्यातही बेंझिन सापडलं, तर समजायचं की घोळ वाटेत झाला, विहिरीत नव्हे.

सहावं काम प्रयोगशाळेचं. तिथे या पदार्थांची धावण्याची शर्यत लावतात! केसासारखी बारीक आणि कित्येक मीटर लांब नळी वेटोळी करून गरम पेटीत ठेवलेली असते. नमुन्यातल्या वाफा तिच्यातून सोडतात. काही पदार्थ भरभर पळतात, काही रेंगाळतात. बेंझिन आधी, मग टोल्युईन, मग बाकीचे. कोण किती वाजता बाहेर आलं यावरून नाव कळतं आणि किती मोठ्या संख्येने आलं यावरून प्रमाण कळतं. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल यांच्या शर्यतींचे आलेख वेगवेगळे दिसतात. त्यामुळे पाण्यात उतरलेलं इंधन कुठलं, हेही सांगता येतं.

दोनदा तपासायचं, ते का?

राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींतल्या पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, तर पावसाळ्यानंतर ते कित्येक मीटर वर येतं. या चढउतारात जमिनीखालची तर्रीही वरखाली होते आणि वाटेतल्या दगडमातीला माखत जाते. म्हणून एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासलं, तरच खरं चित्र कळतं. हे तुम्हाला घरीच पाहता येईल.

करून पाहा

लागणारं साहित्य : काचेची एक रुंद बरणी, धुतलेली बारीक खडी, पाणी, दोन चमचे गोडं तेल, थोडं लाल तिखट, रिकाम्या पेनची दोन्हीकडून उघडी, पारदर्शक नळी. (खरं पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल या प्रयोगासाठी मुळीच घ्यायचं नाही!)

१. तेल तापवून त्यात तिखट घालायचं काम आईला किंवा बाबांना सांगा. तेल पूर्ण थंड होऊ द्या. झाली तर्री तयार.

२. बरणीत पेनची नळी उभी धरा आणि भोवताली खडी भरा. नळी तळापासून बोटभर वर राहू द्या. ही तुमची तपासणीची विहीर.

३. अर्ध्या खडीपर्यंत पाणी ओता.

४. आता बरणीच्या एका कडेने तर्री हळूच सोडा. ती कुठे जाऊन थांबते?

५. नळीच्या वरच्या तोंडावर अंगठा दाबून ती उचला. आत काय आलं? बहुतेक नुसतं पाणीच येईल. कारण नळीचं तोंड पाण्याच्या पोटात आहे आणि तेल वर तरंगतंय! म्हणूनच खऱ्या तपासणीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या वरखालीही चिरा ठेवाव्या लागतात.

६. नळी पुन्हा रोवा. आणखी पाणी ओतून पातळी वाढवा. हा झाला पावसाळा. मग नळीला तोंड न लावता, फुग्याच्या पिचकारीने किंवा ड्रॉपरने थोडं थोडं पाणी बाहेर काढा. हा झाला उन्हाळा. आता बरणीच्या काचेतून खडी पाहा. लाल डाग किती उंचीपर्यंत माखले आहेत?

हे माखलेलं तेल काढून पाहा बरं! पाणी बदललंत तरी ते चटकन जात नाही. खऱ्या जमिनीतही तसंच होतं. तरंगणारं इंधन उपसता येतं, मातीतली वाफ ओढून घेता येते, हवा सोडून जिवाणूंना मदत करता येते. काही जिवाणू इंधन खातात, बरं का! आपले बंगाली शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल खाणारा जिवाणू तयार केला आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंट देण्याच्या बाजूने निकाल दिला. पण या सगळ्या सफाईला कित्येक वर्षं आणि खूप पैसा लागतो. तो कोणी द्यायचा? राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावातल्या विहिरी कारखान्यांच्या रसायनांनी नासल्या होत्या. त्या खटल्यात १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्याने घाण केली, त्यानेच खर्च सोसायचा.

आई-बाबांनी वाचावं असं

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि वस्ती यांच्यापासून नवा पंप ५० मीटर दूर असावा. जागेची अडचण असेल, तर जादा सुरक्षेच्या अटी पाळून अंतर कमी करता येतं, पण कोणत्याही परिस्थितीत ३० मीटरच्या आत नाही. या जादा अटी ठरवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. रस्ते वाढले की वाहनं वाढतात आणि वाहनं वाढली की पंपही वाढतात. तेव्हा आपल्या गावाजवळ नवा पंप येत असेल, तर जवळच्या विहिरींचं पाणी आधीच तपासून तो अहवाल जपून ठेवावा. पुढे कधी वाद झाला, तर "आधी पाणी कसं होतं?" याचं उत्तर हातात असेल.

दुसरी गोष्ट. गावात पाणी तपासायची जी छोटी पेटी असते, तिच्यात क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, क्षार अशा गोष्टी कळतात. बेंझिन कळत नाही. त्यामुळे "पाणी पिण्यास योग्य" असा शेरा मिळाला, तरी पेट्रोलसाठी तपासणी झालेली असेलच असं नाही. शंका असेल तर ग्रामपंचायतीकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करून बेंझिन आणि पेट्रोलजन्य पदार्थांची तपासणी मागावी.

विहिरीला इंधनाचा वास आला किंवा पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तर ते पाणी पिऊ नये आणि त्याने स्वयंपाक करू नये. उकळणं हा उपाय नाही, कारण वाफ स्वयंपाकघरातच पसरते. तुरटी किंवा ब्लीचिंग पावडरही उपयोगी नाही. अशा विहिरीजवळ काडी ओढू नये, कंदील सोडू नये आणि "बघून येतो" म्हणून कोणीही आत उतरू नये. साचलेल्या वाफेने आगही लागते आणि माणूस बेशुद्धही पडतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या शेतातली. विहिरीवरचं डिझेल इंजिन, ट्रॅक्टरसाठी ठेवलेला डिझेलचा ड्रम, काठावरच ओतून दिलेलं काळं, जुनं ऑइल… यांच्या तपासणीला गिरमिट लागत नाही, डोळे पुरतात! ड्रम विहिरीपासून दूर, छपराखाली, पसरट परातीसारख्या भांड्यात ठेवावा. गळकी चावी आजच बदलावी. जुनं ऑइल जमिनीवर न ओतता डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावं.

डोकं चालवा!

एका गावात तीन विहिरी आहेत. समुद्रसपाटीपासून जमिनीची उंची आणि दोर सोडून मोजलेली पाण्याची खोली अशी :

शाळेची विहीर : जमीन ४०३ मीटर, पाणी १० मीटर खोल.

पंपाजवळची विहीर : जमीन ४०० मीटर, पाणी ८ मीटर खोल.

देवळाजवळची विहीर : जमीन ३९८ मीटर, पाणी ७ मीटर खोल.

बंडू म्हणतो, "शाळेच्या विहिरीचं पाणी सगळ्यात खोल. म्हणजे पंपाकडून पाणी शाळेकडेच जाणार!" बंडूचं बरोबर आहे का? पंपाची टाकी गळली, तर आधी कुठल्या विहिरीचं पाणी तपासाल?

उत्तर बघण्याआधी गणित करा हं!

उत्तर : बंडूने जमिनीची उंची विचारात घेतलीच नाही. शाळेच्या विहिरीत पाणी ४०३ वजा १०, म्हणजे ३९३ मीटरवर आहे. पंपाजवळ ३९२ मीटरवर आणि देवळाजवळ ३९१ मीटरवर. म्हणजे पाण्याचा उतार शाळेकडून पंपाकडे आणि पंपाकडून देवळाकडे. आधी तपासायची ती देवळाजवळची विहीर. पण आपल्या जिल्ह्यातल्या कातळाच्या भेगा आठवा आणि शाळेच्या विहिरीचाही एक नमुना घ्या!